चार पाहुणे जास्त

किरण मोजायचा प्रोब मानेजवळ नेला, पण आकडा आला नाही. म्हणजे आला, पण इतका लहान, की खुर्चीत पेशंटऐवजी उशी बसवली असती तरी तेवढा आला असता.

“श्वास रोखू का?” सुनंदाताईंनी विचारलं.

“नको ताई. हे एक्स-रेचं मशीन नाही. श्वास चालू द्या.”

“नाही, तुमचा चेहरा बघून वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.”

माझ्या चेहऱ्याला इलाज नाही. लग्नाच्या अल्बममध्येही तो असाच आहे. पण त्या दिवशी त्याला कारण होतं. ज्या बाईच्या मानेतून आकड्यांचा पाऊस पडायला हवा होता, तिथे सगळा शुकशुकाट होता.

मी उल्हासनगरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट आहे. हे नाव घेतलं की नातेवाईक दोन पावलं मागे सरकतात. माझी आई शेजारणींना सांगायची, “आमचा पोरगा अणुबॉम्बच्या दवाखान्यात आहे.” प्रत्यक्षात काम साधं आहे. किरण सोडणारं औषध अगदी थोडं, मोजून पोटात द्यायचं आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं ते बाहेरून मोजायचं. आमचा विभाग तळघरात आहे. भिंती जाड आहेत आणि मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे नोकरी मला आवडते.

सुनंदाताई अहिरे बदलापूरच्या शिरगावच्या. वय पन्नाशीच्या पुढे. अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होत्या, दिवसभर उभ्याचं काम. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, आपण तिला गाठच म्हणू. शरीराची गाडी किती वेगाने पळवायची ते ही गाठ ठरवते. ताईंच्या गाठीने अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला होता तो काढतच नव्हती. वजन उतरलेलं, छातीत धडधड, पंख्याखाली बसूनही घाम, आणि हात सतत थरथरणारे. गोळ्या देऊन पाहिल्या, तर अंगभर पुरळ उठलं. मग आमच्या डॉक्टर मॅडमनी ठरवलं, किरणोत्सारी आयोडीन द्यायचं.

आता हे आयोडीन काय प्रकरण आहे ते सांगतो. घाबरू नका, मी स्वतः बारावीला केमिस्ट्रीत जेमतेम काठावर होतो.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक लहानसं घर असतं, त्याला केंद्रक म्हणतात. घरातली माणसं म्हणजे प्रोटॉन. आयोडीनच्या घरात ती त्रेपन्न असतात. चोपन्न झाली तर ते आयोडीन राहत नाही, बावन्न झाली तरी नाही. पाटीवरचं नाव या मोजणीवरच ठरतं. पण ही घरातली माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात, सगळ्यांचा विद्युतभार सारखाच, त्यामुळे सतत एकमेकांना ढकलतात. त्यांना धरून ठेवायला घरात पाहुणे लागतात, ते न्यूट्रॉन. पाहुण्यांसमोर घरचे जरा नीट वागतात, हे मला वेगळं सांगायला नको. नेहमीच्या, मिठातल्या आयोडीनमध्ये असे चौऱ्याहत्तर पाहुणे असतात आणि घर शांत असतं. आमच्या कॅप्सूलमधल्या आयोडीनमध्ये मात्र चार पाहुणे जास्त असतात, अठ्ठ्याहत्तर. वन बीएचकेमध्ये चार पाहुणे जास्त झाले की काय होतं, ते माझ्या मेव्हण्याचं कुटुंब गणपतीला येतं तेव्हा मी दरवर्षी अनुभवतो. घर अस्थिर होतं. कधी ना कधी काहीतरी बाहेर फेकलं जातं. अणूच्या बाबतीत ते म्हणजे किरण.

एकाच मूलद्रव्याची अशी कमी-जास्त पाहुण्यांची घरं, त्यांना आयसोटोप म्हणतात. मराठी पुस्तकात समस्थानिक. गंमत अशी, की बाहेरून दोन्ही घरं हुबेहूब दिसतात. अणूचा जगाशी व्यवहार चालतो तो घराभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनमार्फत, आणि ते दोन्हीकडे सारखेच. गळ्यातली गाठ आयोडीनची भुकेली असते. ती दारावरची पाटी वाचते आणि आत घेते. आत किती पाहुणे बसलेत ते ती बघत नाही. याचाच आम्ही फायदा घेतो. जास्त पाहुण्यांचं आयोडीन पोटात द्यायचं, गाठ ते आपणहून ओढून घेते, आणि ते आत बसून गाठीच्या अति काम करणाऱ्या पेशी भाजून काढतं. सुरी नाही, टाके नाहीत.

त्याआधी एक परीक्षा असते. आदल्या दिवशी अगदी थोडं आयोडीन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रोब लावून बघायचं, गाठीने किती ओढलं. ताईंच्या आजारात गाठ हावरट असते, निम्म्याहून जास्त ओढते. ताईंच्या गाठीने जवळपास काहीच घेतलं नव्हतं.

आधी मशीनवर संशय घेतला. आमच्याकडे प्लॅस्टिकची एक मान असते. तिच्यात ठरावीक आयोडीन ठेवून मशीन तपासतात. प्लॅस्टिकच्या मानेने झकास आकडा दिला. मग काल कॅप्सूल गिळली की गालात ठेवून बाहेर थुंकली, हा संशय. तोही गेला, कारण गिळताना मी समोर उभा होतो. मग राहिलं जेवण.

हे जरा समजून घ्या. गाठ आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल तर नव्याला जागा नसते. म्हणून परीक्षेच्या आधी दोन आठवडे आयोडीन बंद करतात. पाकिटातलं मीठ बंद, समुद्राची मासळी बंद.

“ताई, खरं सांगा. सुकट?”

“नाही हो.”

“बोंबील? जवळा? एखाद दिवशी, चटणीपुरता?”

“तुम्ही सांगितल्यापासून घरात वाससुद्धा नाही. यांनी तर सुकटीची बरणी शेजारणीकडे ठेवायला दिली. आता ती परत येते की नाही देव जाणे.”

“हो भाऊ, मी स्वतः दिली,” मागून अहिरे म्हणाले. प्रल्हाद अहिरे म्हणजे ताईंचे मिस्टर. एमआयडीसीतच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. उंच, हडकुळे, बोलायला कमी. बायकोचा डबा, पाण्याची बाटली आणि फाइल अशी तीन ओझी एकाच हातात घेऊन उभे होते. दुसरा हात मोकळा ठेवलेला, ताईंना आधार लागला तर. मी स्वतः आगरी माणूस. सुकट सोडण्याचं मोल मला समजतं. विश्वास ठेवला.

खोकल्याचं औषध? नाही. रंग टोचून काढलेला सीटी स्कॅन? नाही. दुसरं काही औषध? दोघांनी एका सुरात सांगितलं, नाही.

मॅडमना बोलावलं. त्या उल्हासनगरच्याच, सिंधी. मराठी छान बोलतात, पण टेन्शनमध्ये भाषा बदलते.

“मशीन चेक किया?”

“केलं मॅडम.”

“प्लॅस्टिकवाली मान?”

“तीसुद्धा ठणठणीत आहे.”

त्यांनी आकडे पाहिले, ताईंची मान चाचपली. “गाठ भरलेली आहे, भोईर. कुठूनतरी आयोडीन येतंय. ढूंढो उसको.” मग ताईंकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “आत्ता डोस देता येणार नाही. सहा-एक आठवडे थांबावं लागेल. तोपर्यंत ते कुठून येतंय ते सापडलं पाहिजे.”

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भोईरभाऊ, आजच द्या ना. थोडं कमी लागू पडेल. पण पडेल.”

“नाही पडणार ताई. गाठीत जागाच नाही. कॅप्सूल पोटात जाईल, दारावरून परत फिरेल आणि लघवीवाटे निघून जाईल. तुम्हाला फुकटचे किरण, आणि आजार तिथल्या तिथे.”

“पण प्रज्ञा येणार आहे.”

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी, नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती शिरगावला यायची होती. डोस घेतल्यावर माणसाच्या अंगातून काही काळ किरण बाहेर पडतात. मोठ्या माणसाला फारसं काही होत नाही, पण गरोदर बाई आणि तान्हं मूल यांच्यापासून काही आठवडे लांब राहावं लागतं. ताईंनी सगळा हिशोब लावून ठेवला होता. आत्ता डोस घ्यायचा, लांब राहायचं ते आत्ता राहून घ्यायचं, म्हणजे मुलगी येईपर्यंत मोकळं. सहा आठवडे पुढे ढकललं की डोस आणि बाळ एकदमच.

“मग बाळंतपण झाल्यावर घेऊ डोस,” अहिरे म्हणाले.

ताईंनी माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलून दोन्ही तळव्यांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत पंखा नव्हता.

“या हातांनी न्हाऊ घालू त्याला?” त्या म्हणाल्या.

अहिऱ्यांनी कागद काढून घेतला. खिशातून रुमाल काढला आणि बायकोच्या कपाळावरचा घाम टिपला. इतक्या सवयीने, की आपण परक्या माणसासमोर आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी मान खाली घातली. खाली घातली म्हणून मला रुमाल दिसला. पांढऱ्या रुमालावर तपकिरी डाग होते, बोटांच्या आकाराचे.

“अहिरेसाहेब, रुमालाला काय लागलंय?”

“मलम आहे. धुतलं तरी जात नाही.”

“कसलं मलम?”

“हिच्या टाचांचं.”

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून ट्यूब काढली. ती पिशवीत कायम असायची. तपकिरी मलम, जखमेवर लावतात ते, प्रत्येक कंपनीच्या फर्स्ट एड बॉक्समध्ये असतं. ताईंच्या टाचांना मोठ्या भेगा होत्या, उभ्याच्या कामाने झालेल्या. अहिरे रोज ड्यूटीवरून आले की टोपात कोमट पाणी घ्यायचे, बायकोचे पाय त्यात ठेवायला लावायचे, पुसायचे आणि एकेका भेगेत बोटाने मलम भरायचे. वर जुने मोजे घालायचे, म्हणजे चादरीला लागू नये. केमिकल कंपनीत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवतात, कातडी उघडी ठेवायची नाही. अहिरे ती घरी पाळत होते. वर्षानुवर्षं.

मी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं. पोविडोन आयोडीन.

“अहो, मी औषधाचं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“औषध कुठंय हे? मलम आहे,” अहिरे म्हणाले.

“आणि आयोडीन खायचं नाही असं म्हणाला होतात,” ताईंनी जोड दिली. “टाच कुठे खाते?”

दोघांचंही बरोबर होतं. पण फाटलेली कातडी हे उघडं दार असतं. तिथून आयोडीन रक्तात जातं आणि रक्त फिरत फिरत गळ्यापर्यंत पोचतं. सुकटीतलं असो, मिठातलं असो, नाहीतर नवऱ्याच्या बोटावरचं असो, घरात माणसं त्रेपन्नच. गाठ पाटी वाचते आणि दार उघडते.

अहिऱ्यांना हे पटेना. मलमात आयोडीन असेलही, पण ते खाण्यातल्या आयोडीनसारखं कसं असेल, असा त्यांचा मुद्दा. मला शाळेतला एक प्रयोग आठवला. माझ्या अख्ख्या शैक्षणिक आयुष्यात पहिल्या फटक्यात जमलेला तेवढा एकच. ताईंचा डबा उघडायला लावला. त्यात बिनमिठाचा भात होता. झाकणावर चार शितं घेतली आणि ट्यूबमधलं थेंबभर मलम त्यांच्यावर चोपडलं. पांढरी शितं बघता बघता निळी झाली, मग काळीकुट्ट.

“भातातल्या स्टार्चला आयोडीन लागलं की असं होतं,” मी म्हणालो. “दुसऱ्या कुठल्या तपकिरी रंगाने नाही होत.”

अहिरे झाकणाकडे बघत राहिले.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “अरे, आप तो सेवा कर रहे थे.” त्याने ते जास्तच खचले.

ताई मात्र हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच. “किती वर्षं सांगते यांना, बायकोच्या पायाला हात लावू नका म्हणून. ऐकतात कुठे? आता डॉक्टरांनीच सांगितलंय.”

मलम बंद झालं. मी कोकमाचं तेल सुचवलं. आमच्याकडे टाचांना तेच लावतात, घट्ट वडीसारखं मिळतं, वितळवून भेगेत सोडायचं. अहिऱ्यांनी “यात काय काय आहे” असं तीनदा विचारलं. पोळलेला माणूस.

सहा आठवड्यांनी दोघं परत आले. प्रोब मानेजवळ नेला आणि आकडे असे धावले, की मी सवयीने प्लॅस्टिकची मान आणायला उठलो. गाठ उपाशी होती. मॅडम म्हणाल्या, “बढिया. देऊ या डोस.”

पण मधल्या काळात प्रज्ञा नाशिकहून येऊन शिरगावला राहिली होती, नववा लागत आला होता. मी चाचरत विचारलं, आता कसं करणार? ताईंचं ठरलेलं होतं.

“ती राहील. मी जाईन.”

अहिऱ्यांच्या धाकट्या भावाने सोनिवलीला फ्लॅट घेतला होता. ताबा मिळाला होता, राहायला कोणी गेलं नव्हतं. ताई तिथे एकट्या राहणार आणि घरी मुलीचं बघायला बाप.

“प्रज्ञा काय म्हणाली?”

“दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आईशिवाय कसलं माहेर, म्हणाली. मी म्हटलं, बाप आहे ना घरात.”

“सुट्टी टाकलीय,” अहिरे म्हणाले.

“डिंकाचे लाडू येतात का विचारा यांना.”

“येतील,” अहिरे म्हणाले. केमिकल प्लांटचा ऑपरेटर ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. प्रोसेस सांगा, टेंपरेचर सांगा, बाकी मी बघतो.

शिशाच्या जाड डब्यातून मी कॅप्सूल काढली. डबा दोन हातांनी उचलावा लागतो आणि आत निघते ती तापाच्या गोळीएवढी वस्तू. ताईंनी ती पाण्याबरोबर गिळली. “एवढंच?” म्हणाल्या. सगळे हेच म्हणतात.

सोनिवलीची ती बिल्डिंग माझ्या घराच्या वाटेवर होती. संध्याकाळी परत येताना मी वर बघायचो. ताई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या.

“भोईरभाऊ, निघाले का पाहुणे?”

“निघतायत ताई. निम्मे गेले.”

हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. त्याला घाई करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. शेवटी होतं काय, तर एक पाहुणा घरचाच होऊन जातो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. घरात त्रेपन्नाची चोपन्न माणसं होतात, दारावरची पाटी बदलते, आणि आयोडीनचा झेनॉन होतो. झेनॉन हा निवांत वायू. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मी ताईंना हे गॅलरीखालून ओरडून समजावलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे रिटायर होतो.” याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

अहिरे रोज डबा घेऊन यायचे. डबा दाराच्या कडीला अडकवायचे आणि जिन्याच्या पायरीवर बसायचे. ताई हॉलच्या पार टोकाला. रिकामा फ्लॅट, त्यामुळे दोघांचं बोलणं घुमायचं. एकदा मी वर गेलो तर डब्याशेजारी एक झाकलेली वाटी होती.

“कोकमाचं तेल आहे,” अहिरे म्हणाले. “तिला स्वतःला नीट लावता येत नाही. गुडघा वळत नाही. पण आता काय करणार.”

आतून आवाज आला, “लावलं मी.”

“उजव्या पायाला?”

आतून काही आवाज आला नाही.

बाळ तारखेच्या आधीच आलं. मुलगी. ताईंनी तिला मोबाइलवर पाहिलं. त्या संध्याकाळी गॅलरीत उभ्या होत्या, मला हाक मारली नाही. मीच खालून म्हणालो, “ताई, अभिनंदन.” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना एकटं ठेवू नका, मी जाऊन बसते जरा लांब. मी नियम सांगायला लागलो. “तुमच्याजवळ इतकी वर्षं झोपतेय,” ती म्हणाली, “मला काय किरणांचं सांगता.” गेली. दारात बसून दोघी तासभर बोलल्या. कशाबद्दल ते मला अजून सांगितलेलं नाही.

बाळ अगदी तान्हं, म्हणून मॅडमनी नेहमीपेक्षा जास्तच थांबायला लावलं. डोस घेऊन महिना होत आला तेव्हा मी किरण मोजायचं मीटर लावलं, मॅडमना फोनवर आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “जाने दो घर.” पण ताईंचा भरवसा बसेना. “मशीन घेऊन घरी चला,” म्हणाल्या. मी आणि मीटर, दोघे अहिऱ्यांनी आणलेल्या रिक्षात बसून शिरगावला गेलो.

घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली प्रज्ञा बाळ घेऊन बसली होती. ताई उंबऱ्याबाहेर थांबल्या.

“परत एकदा बघा.”

मी त्यांच्यावर मीटर धरलं. मग भिंतीवर धरलं. “ताई, इथून तुम्ही आणि तुमची भिंत सारख्याच.”

“आई, ये आता,” प्रज्ञा म्हणाली. “भिंतीला घेतलंय ना आम्ही घरात.”

ताई आत आल्या, हात धुतले, पदराला पुसले, प्रज्ञासमोर बसून पुढे केले. हात थरथरत होते. आयोडीनचं काम सावकाश चालतं, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. हे मी त्यांना सांगितलेलं होतं. तरी त्यांनी हात मागे घेतले.

अहिरे बायकोच्या शेजारी खाली बसले आणि आपले दोन्ही हात तिच्या हातांखाली ठेवले. ताईंचे हात स्थिरावले.

“मलम नाही ना लागलेलं?” ताईंनी विचारलं.

“धुतलेत,” अहिरे म्हणाले.

प्रज्ञाने त्या चार हातांवर बाळ ठेवलं. मी मीटर बंद करून पिशवीत टाकलं. मला डिंकाचा लाडू मिळाला. जरा कडक होता, पण प्रोसेस बरोबर होती.

आता ताई बऱ्या आहेत. गाठ भाजून निघाली, रोज सकाळी गाठीच्या बदल्यात एक बारकी गोळी घेतात, कामावर जातात. आणि मी पेशंटला “दुसरं काही औषध चालू आहे का” एवढंच विचारून थांबत नाही. अंगाला काय लावता, हेही विचारतो, आणि टाचांचं वेगळं विचारतो. बायका लगेच सांगतात. सोबत आलेल्या नवऱ्यांना बायकोच्या टाचांचं विचारलं, तर ते मात्र छताकडे बघतात.

मला त्यांना हसायचा अधिकार नाही. पहिल्यांदा हा प्रश्न मी घरी विचारून पाहिला होता. बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मग उत्तर दिलं.